हँडीवर सीक्यू देऊन उत्तर येत नाही, मग हॅम रेडिओत माणसं भेटतात कशी?

सांगलीजवळच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. सहा महिन्यांपूर्वी त्यांना हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आणि व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाइन (स्टेशनची ओळख सांगणारी अक्षरं) मिळाला. त्यांनी पाच वॅटची हँडी, म्हणजे हातात मावणारा रेडिओ सेट, घेतला. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन ते १४५.५०० मेगाहर्ट्झवर सीक्यू देतात, म्हणजे ऐकणाऱ्या कोणालाही हाक मारतात, पण कोणी उत्तर देत नाही. मोबाइलवर फुकटात जगाशी बोलता येत असताना या छंदात खरंच माणसं जोडली जातात का, आणि जात असतील तर सुरुवात कुठून करायची, असं त्यांनी विचारलं आहे. नववीतल्या मुलीलाही यात आणायची त्यांची इच्छा आहे.

जोडली जातात, आणि वर्षानुवर्षं टिकतात. माझ्या जवळच्या मित्रांपैकी बरेचजण मला आधी आवाजाने माहीत झाले, चेहरे पुष्कळ नंतर पाहिले. मात्र सीक्यू देऊन अशी मैत्री क्वचितच होते. आधी भरपूर ऐकायचं आणि मग ठरल्या वेळी, ठरल्या फ्रीक्वेन्सीवर नेमाने हजर राहायचं, यातून ती होते. पुढे जे काही लिहितो आहे ते याच एका गोष्टीभोवती आहे.

तुमच्या हँडीचं आधी बघू. तिच्यात काही बिघाड नसणार. ती वापरते त्या व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे सगळा खेळ उंचीचा असतो. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळं काढायची, त्यांची बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचं. पोहोच किती किलोमीटर ते कळतं. तुमची गच्ची दहा मीटर उंच आणि समोरच्याचीही तेवढीच, तर साधारण २६ किलोमीटर. तेही मधे टेकडी, इमारती, दाट झाडी नसताना. हँडीबरोबर येणारा आखूड रबरी अँटेना त्यातलं बरंच खाऊन टाकतो. म्हणजे तुम्ही हाक मारता त्याच मिनिटाला, त्याच फ्रीक्वेन्सीवर, या एवढ्याशा वर्तुळात कोणीतरी परवानाधारक सेट चालू ठेवून बसलेला हवा. पुण्या-मुंबईत अशी गाठ पडू शकते. इतरत्र फार अवघड.

डोंगरावर रिपीटर, म्हणजे ऐकलेला आवाज लगेच पुन्हा प्रसारित करणारं स्टेशन, असेल तर गोष्ट वेगळी. आसपासच्या मुलखापेक्षा ६०० मीटर उंच बसवलेल्या रिपीटरचं क्षितिज शंभर किलोमीटरपर्यंत जातं, म्हणून सह्याद्रीच्या धारेवरच्या एका रिपीटरवर घाटावरची आणि कोकणातली माणसं एकत्र बोलू शकतात. तुमच्या भागात कोणता रिपीटर चालू आहे, त्याचा शिफ्ट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रीक्वेन्सीतलं अंतर) किती, टोन (तो उघडायला लागणारा सूर) कोणता, हे जवळच्या क्लबकडून विचारून घ्या. गच्चीवर ग्राउंड प्लेन अँटेना लावा. साधारण अर्ध्या मीटरच्या पाच काड्या लागतात, एक उभी आणि चार खाली तिरप्या. एका दुपारचं काम आहे, आणि रबरी अँटेनाच्या तुलनेत जो फरक पडतो तो तुमच्याच कानांना कळेल.

पण माझा खरा सल्ला आहे की चाळीस मीटर बँडवर या. तुमच्या रिस्ट्रिक्टेड, म्हणजे पहिल्या पायरीच्या, ग्रेडच्या परवान्यातही ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे. भारतातल्या हॅमचा पार म्हणजे हाच बँड. सकाळी उठून चहाचा कप हातात घेतला की माणसं इथेच येऊन बसतात.

याचं कारण आपल्या डोक्यावरच्या आकाशात आहे. आठ-दहा मीटर उंचीवर लावलेला साधा डायपोल (मधोमध दोन भाग केलेल्या तारेचा अँटेना) आपली बरीचशी शक्ती जवळजवळ सरळ वर पाठवतो. आयनांबराचा एफ थर दिवसा ती परत खाली पाठवतो आणि छत्रीसारखा सगळ्या बाजूंना चार-पाचशे किलोमीटरचा मुलूख भिजतो. सांगलीहून पुणे, बेळगाव, गोवा, सोलापूर, हैदराबाद, बंगळूर हे सगळं त्यात येतं, मधे कितीही डोंगर असले तरी. सूर्य डोक्यावर आला की खालचा डी थर लहरी शोषू लागतो, तेव्हा दुपारी आवाज जरा बसतात. सूर्यास्तानंतर हा डी थर विरतो आणि लांबलांबचे देश ऐकू यायला लागतात. उलट रात्री उशिरा जवळची स्टेशनं गायब होतात. म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या मित्राशी गप्पा मारायच्या तर सकाळचे दोन-तीन तास उत्तम.

डायपोल घरीच बनवा, विकत घेऊ नका. १४२.६ ला मेगाहर्ट्झने भागलं की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी ती २० मीटर, म्हणजे मधल्या बिंदूपासून दोन्हीकडे दहा-दहा मीटर. घरच्या वायरिंगची प्लॅस्टिकच्या आवरणाची तांब्याची तार चालते. मधे एकास एक बलून (तार आणि केबल नीट जुळवणारा छोटा भाग), तिथून खाली कोॲक्स केबल. गच्ची लहान असेल तर मधला बिंदू पाइपवर उंच चढवा आणि दोन्ही टोकं तिरपी खाली आणा. याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात आणि आपल्याकडच्या गच्च्यांना तो छान बसतो. तार सुरुवातीला थोडी जास्त लांब ठेवा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळला ते सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) बघत बघत कापत जा. दीडच्या खाली आला की थांबा. त्याच्याही खाली आणण्यासाठी आठवडे घालवणारे लोक मी पाहिले आहेत. तो वेळ बोलण्यात गेला असता तर बरं झालं असतं.

सोसायटीत राहत असाल तर तार लावण्याआधी अध्यक्षांना आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला घरी बोलवा. परवाना दाखवा, सेट चालू करून कोणाचं तरी बोलणं ऐकवा. आपल्या गच्चीवरून हैदराबादचा माणूस ऐकू येतो हे एकदा कानांनी अनुभवलं की विरोध बराचसा मावळतो. कोणाच्या टीव्हीत किंवा स्पीकरमध्ये आपला आवाज घुसला तर तक्रार यायची वाट न बघता स्वतः जाऊन बघा, फेराइटचा चोक (तारेवर बसवायचं छोटं कडं) लावून द्या. या छंदात पहिली मैत्री बहुधा शेजाऱ्यांशीच करावी लागते.

शहरात दुसरा त्रास गोंगाटाचा. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सोलरचे इन्व्हर्टर हे सगळे चाळीस मीटरवर खरखर ओततात. सेट बॅटरीवर लावा आणि घराचा मेन स्विच काही मिनिटं बंद करून बघा. आवाज एकदम शांत झाला तर दोषी घरातच आहे. मग एकेक एमसीबी चालू करत त्याला पकडा. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमले की विजांचे कडाके कानात बसतात, त्याला उपाय नाही. त्या दिवसांत सेट बंद केला की कोॲक्स काढून खिडकीबाहेर टाकायची सवय लावून घ्या. यात आळस करू नका.

सेटबद्दल थोडक्यात सांगतो. वापरलेला एचएफ सेट (चाळीस मीटरसारख्या लांब पल्ल्याच्या बँडवर चालणारा) घ्या, आणि जाणत्या हॅमला सोबत नेऊन घ्या. हाताने जोडायची आवड असेल तर हैदराबादचे अशर फरहान यांनी तयार केलेल्या बिटएक्स सेटची रचना पाहा. आपल्या बाजारात सहज मिळणाऱ्या भागांतून एसएसबी (या बँडवर आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) सेट उभा राहावा म्हणून ती आखली गेली आणि पुढे जगभरच्या हॅमनी ती बांधली. तुम्हाला परवाना आहेच, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी: परवान्याआधी ट्रान्समीटर विकत घेऊ नका. ऑनलाइन कितीही स्वस्त दिसला तरी परवान्याशिवाय तो नुसता बाळगणंही आपल्या कायद्यात बसत नाही.

आता ऐकण्याकडे येतो, कारण नवे लोक हाच भाग उरकून टाकतात. सुरुवातीचे काही आठवडे पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, हात लावू नका. एक वही घ्या. सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी एकाच फ्रीक्वेन्सीवर जमणाऱ्या हॅमच्या बैठकीत) कोण कंट्रोल करतं, कोण कोणत्या क्रमाने येतं, कोणाचं गाव कुठलं, हे लिहा. शिवाय कोण काय बोललं तेही लिहा. कोणाच्या अँटेनाची दोरी माकडांनी तोडली, कोणाची नात बारावीला आहे, कोणी नवीन ट्यूनर बांधायला घेतला आहे. पंधरा दिवसांत तुम्हाला ती सगळी मंडळी ओळखीची वाटू लागतील. मग पहिल्यांदा बोलाल तेव्हा तुमच्याजवळ बोलायला काहीतरी असेल. ‘तुमच्या ट्यूनरचं काम कुठवर आलं?’ असं एखाद्या अनोळखी कॉलसाइनने विचारलं की समोरच्याला फार बरं वाटतं. आपलं बोलणं कोणीतरी लक्ष देऊन ऐकत होतं, हे त्याला कळतं.

सेट घ्यायला वेळ असेल तर इंटरनेटवरून ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर ब्राउझरमध्ये उघडतो. तिथे युरोपातले हॅम कसे बोलतात ते ऐकून सीक्यूची लय, कॉलसाइन सांगण्याची पद्धत, दोन बोलण्यांमधली विश्रांती हे कानात मुरतं. फक्त तिथे ऐकू येतं ते नेदरलँड्सचं आकाश. आपलं आकाश आपल्याच तारेवर ऐकावं लागतं.

नेटवर शिरायची रीत सोपी आहे. कंट्रोल स्टेशन नव्यांना जागा देतं तेव्हा पीटीटी दाबा, अर्धा क्षण थांबा आणि तुमचा कॉलसाइन एकदाच, सावकाश, फोनेटिकमध्ये सांगा: व्हिक्टर युनिफॉर्म थ्री आणि पुढची अक्षरं. मग सोडा आणि ऐका. तुमचं नाव घेतलं गेलं की नाव, गाव आणि समोरच्याचा रिपोर्ट (त्याचा आवाज कसा येतो ते), एवढंच पुरे. आज पहिल्यांदाच आलो आहे, हे मोकळेपणाने सांगा. आपल्याकडच्या नेटवर नव्या कॉलसाइनचं स्वागत मनापासून होतं. जुने लोक नवा आवाज यायची वाटच बघत असतात. दोघे बोलत असताना मधे शिरू नका, त्यांच्या फ्रीक्वेन्सीला अगदी चिकटून तुमचा सेट ट्यून करू नका, आणि प्रत्येक बोलणं संपल्यावर एक-दोन सेकंद मोकळे सोडा. एखाद्या दूरच्या कमजोर स्टेशनला तेवढीच फट मिळते.

रिपोर्टबद्दल माझा आग्रह आहे. सगळ्यांना सरसकट फाइव्ह नाइन (स्पष्ट आणि जोरदार) रिपोर्ट वाटण्याची सवय स्पर्धांतून आली आहे. रोजच्या गप्पांत ती नको. सेटवरचा एस मीटर, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर, पाच दाखवत असेल तर पाच सांगा. आवाज घोगरा येत असेल, माइक फार जवळ धरल्यासारखा वाटत असेल, मागे पंख्याची घरघर येत असेल, तर तेही सांगा. नव्या माणसाला वाटतं, माझ्याजवळ यांना देण्यासारखं काय आहे? खरा रिपोर्ट आहे ना. अँटेनात बदल केलेला माणूस त्या सकाळी त्याचीच वाट बघत असतो. ‘कालपेक्षा एक एस युनिट वर आहात’ हे वाक्य त्याचा दिवस चांगला घालवतं.

मग बोलायचं काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. १९७८च्या आपल्या नियमांप्रमाणे हॅम बँडवर धंद्याचं बोलता येत नाही. राजकारण आणि धर्म यांनाही तिथे थारा नाही. काहींना हे बंधन वाटतं. मला तर या छंदाचं सगळ्यात मोठं बळ त्यातच दिसतं. दुसरीकडे ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं अशी माणसं इथे वर्षानुवर्षं सकाळी पाऊस किती झाला, ऊस कुठवर आला, नातवाचा दात पडला की नाही, यावर बोलतात. कोण कुठल्या पक्षाचा, कोण किती पैसेवाला, हे विचारायची वेळच येत नाही. जॉर्डनचे राजे हुसेन जेवाय१ या कॉलसाइनने बँडवर येत आणि ज्याने हाक मारली त्याच्याशी साध्या हॅमसारखं बोलत. राजीव गांधींचा कॉलसाइन व्हीयू२आरजी होता. बँडवर माणूस कॉलसाइन आणि पहिलं नाव एवढाच उरतो.

भाषेची भीती बाळगू नका. चाळीस मीटरवर हिंदी, इंग्रजी, दक्षिणेतल्या भाषा, मराठी, सगळं कानावर पडतं. आपल्या भागातल्या मंडळींशी मराठीतच बोला, फक्त कॉलसाइन आणि रिपोर्ट ठरलेल्या पद्धतीने सांगा म्हणजे इतरांनाही कोण बोलतंय ते कळतं.

या बँडचा आणि मुंबईचा एक जुना धागा आहे, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट १९४२मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, आणि पोलिसांना चकवत जागा बदलत बदलत नोव्हेंबरपर्यंत चालवला. युद्ध सुरू होताच सरकारने हॅम परवाने रद्द करून सेट जमा करायला लावले होते. तरीही नरिमन प्रिंटर यांच्यासारख्या हॅमचं कसब त्या ट्रान्समीटरमागे होतं. प्रक्षेपणाची सुरुवात होई ती ४२.३४ मीटर ही तरंगलांबी सांगून. हिशेब करून बघा: ती ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. आज आपण जिथे सकाळी पावसापाण्याच्या गप्पा मारतो, त्याच पट्ट्यात.

काही दिवसांनी तुमच्या मनात येईल की जास्त पॉवर असती तर जास्त लोक भेटले असते. हा मोह आवरा. एस मीटरवरचा एक आकडा म्हणजे सहा डेसिबल, म्हणजेच पॉवरची चौपट. २५ वॅटचे १०० वॅट केले तर समोरच्याच्या मीटरवर काटा जेमतेम एक घर सरकतो. कानांनी पटवून घ्यायचं असेल तर १४.१०० मेगाहर्ट्झवर सेट सीडब्ल्यूवर (मोर्सच्या पद्धतीवर) ठेवून बसा. तिथे जगभरच्या अठरा बीकनची (आपोआप सिग्नल पाठवत राहणाऱ्या स्टेशनांची) एक साखळी आहे. प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत एक फेरी. प्रत्येक बीकन मोर्समध्ये आपला कॉलसाइन पाठवतो आणि मग चार लांब सूर देतो: पहिला १०० वॅटचा, दुसरा १० वॅटचा, तिसरा एक वॅटचा आणि चौथा फक्त एक दशांश वॅटचा. श्रीलंकेचा ४एस७बी आपल्याला जवळचा. बँड चांगला असेल त्या दिवशी त्याचा एक वॅटचा सूरही कानावर येतो, कधी शेवटचाही. तो ऐकला की मोठ्या ॲम्प्लिफायरवरचे पैसे वाचतात, आणि बँड कधी कुठल्या दिशेला उघडतो तेही समजू लागतं.

१४ मेगाहर्ट्झच्या याच वीस मीटर बँडवर पुढे तुम्हाला परदेश भेटेल. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं असतं. चालू चक्राचा भर २०२४च्या आसपास होता, त्यामुळे सध्याचा काळ लांब पल्ल्याला अजून चांगला आहे. पण परदेशी स्टेशनांशी होणारं बोलणं बहुधा रिपोर्ट, नाव, गाव, ७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा) एवढ्यात संपतं. त्यातून मैत्री हवी असेल तर एकाच माणसाकडे परत परत जावं लागतं. जपानचा एखादा हॅम दर रविवारी त्याच वेळी त्याच फ्रीक्वेन्सीवर असतो हे वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या रविवारी त्याला त्याच्या नावाने हाक मारा. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो आपल्या अँटेनाचं सोडून आपल्या बागेबद्दल बोलू लागतो.

क्यूएसएल कार्डांचंही (बोलणं झाल्याची पोच देणाऱ्या कार्डांचंही) तसंच. हल्ली सगळं ऑनलाइन पक्कं होतं, ते सोयीचं आहे. पण पहिल्या गप्पांनंतर मनात राहिलेल्या माणसाला कागदी कार्ड जरूर पाठवा. त्यावर आपल्या गावचं चित्र छापा, पाठीमागे हाताने दोन ओळी लिहा. ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडियाचा क्यूएसएल ब्युरो सभासदांची परदेशी कार्डं एकगठ्ठा पाठवतो. वेळ फार लागतो, पण खर्च वाचतो.

एफटी८बद्दल तुम्ही ऐकलं असेलच. संगणकाकडून छोटे संदेश पाठवायची, २०१७मध्ये आलेली ही पद्धत, पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, आणि कानाला अजिबात ऐकू न येणारा सिग्नल संगणक उचलतो. नोबेल पारितोषिक मिळालेले खगोलशास्त्रज्ञ जो टेलर यांचा त्यात मोठा वाटा आहे. तंत्र म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे. आपला अँटेना कुठवर पोहोचतो हे एका रात्रीत नकाशावर दिसतं. पण तिथे जातो तो कॉलसाइन, एमके६८सारखा ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेत) आणि सिग्नलच्या जोराचा एक आकडा. मित्र हवे असतील तर एफटी८ने अँटेना तपासा आणि मग माइक हातात घ्या.

किंवा मोर्स की. जनरल, म्हणजे वरच्या, ग्रेडच्या परीक्षेला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स लागतो म्हणून लोक तो नाइलाजाने शिकतात, आणि पुढे त्याच्याच प्रेमात पडतात. मोर्स डोळ्यांनी शिकू नका, तक्त्यावरचे ठिपके-रेघा पाठ करू नका, कानाने शिका. अक्षर पहिल्यापासून वेगात वाजवा आणि दोन अक्षरांमधली जागा मोठी ठेवा, म्हणजे डिट-डा मोजायची खोड लागत नाही. साधी की वापरणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कोणी डा जरा लांबवतो, कोणी स्वतःच्या कॉलसाइनच्या शेवटच्या अक्षरावर झोका घेतो. काही महिन्यांनी कॉलसाइन पूर्ण व्हायच्या आतच कोण आहे ते कळतं. आणि मोर्स फार थोड्या जागेत मावतो, त्यामुळे पाच वॅटमध्ये, गोंगाटातही, भेट होते.

या छंदाचा दुसरा अर्धा भाग बँडबाहेर आहे. प्रत्यक्ष भेटीला आम्ही आयबॉल म्हणतो. कामानिमित्त दुसऱ्या गावी गेलात तर तिथल्या हॅमला आधी नेटवर सांगून ठेवा. जेवल्याशिवाय सोडणार नाहीत. कोणाचा अँटेना चढवायचा असेल तर शिडी धरायला जा. नव्या माणसाला हॅम मंडळींत ओळख मिळवून द्यायला याच्याइतकं चांगलं काम दुसरं नाही, कारण दोरी ओढता ओढता जे शिकायला मिळतं ते पुस्तकात नसतं. फॉक्स हंट असेल तर नक्की भाग घ्या: कुठेतरी लपवलेला छोटा ट्रान्समीटर दिशादर्शक अँटेनाने शोधायचा, डोंगर-शेतांतून धावत. वर्षाला एकदा वेगवेगळ्या शहरांत भरणाऱ्या हॅमफेस्ट इंडियाला एकदा तरी जाऊन या. आवाजांना चेहरे मिळतात, आणि नंतर सकाळच्या नेटवर ते आवाज वेगळेच ऐकू येतात.

या रोजच्या, वरवर रिकाम्या वाटणाऱ्या गप्पांचा उपयोग काय, असं घरचे विचारतील. त्यांना डिसेंबर २००४ची गोष्ट सांगा. भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम मोहिमेसाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. हॅमच्या हिशेबात अंदमान-निकोबार हा वेगळा प्रदेश, व्हीयू४. तिथून कित्येक वर्षं कोणी बँडवर नव्हतं, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांच्याशी संपर्क करायला धडपडत होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. नेहमीचं दळणवळण कोलमडलं. मोहिमेसाठी नेलेल्या त्याच सेटवरून बेटांवरच्या लोकांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर येऊ लागले, आणि ते घेऊन पुढे पोहोचवायला ठिकठिकाणचे हॅम सेटपुढे बसले. अशा वेळी ऐकायची सवय, एकाच वेळी एकानेच बोलायची शिस्त आणि समोरच्या आवाजावरचा विश्वास लागतो. तो आयत्या वेळी तयार करता येत नाही. पुराच्या दिवसांत कृष्णाकाठी राहणाऱ्या तुम्हाला हे जास्त समजावायला नको. पावसाळ्याआधी बॅटरी भरून ठेवा, आणि मोबाइल बंद पडले तर आपल्या भागातले हॅम कोणत्या फ्रीक्वेन्सीवर, कोणत्या वेळी भेटणार हे नेटवर बोलून ठेवा.

आता तुमच्या मुलीचं. परीक्षेला किमान वय १२ वर्षं, म्हणजे ती बसू शकते. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परीक्षेत रेडिओचं सोपं तंत्र आणि नियम असतात, मोर्स नसतो. नववीच्या विज्ञानाला ते जड नाही. परवाना मिळेपर्यंत पीटीटी तिच्या हातात देऊ नका, पण ऐकायला परवान्याची वाट बघावी लागत नाही. सुरुवात पुस्तकाऐवजी अवकाश स्थानकापासून करा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर हॅम स्टेशन आहे आणि ते १४५.८०० मेगाहर्ट्झवर, एफएममध्ये, तुमच्या त्याच हँडीवर ऐकू येतं. इथे गच्चीची उंची आड येत नाही, कारण स्थानक सुमारे ४०० किलोमीटर वरून थेट डोळ्यांसमोरून जातं. जुलै २०२५मध्ये शुभांशू शुक्ला तिथे असताना हॅम रेडिओवरून भारतातल्या शाळकरी मुलांशी बोलले होते, हे तिला सांगा.

अधूनमधून स्थानकावरून एसएसटीव्ही चित्रं, म्हणजे आवाजाच्या रूपात पाठवलेली स्थिर चित्रं, प्रसारित होतात. तारखा आधी जाहीर होतात. तुमच्या डोक्यावरून स्थानक कधी जाणार ते मोबाइलवरच्या ॲपमध्ये बघा; एक फेरी जास्तीत जास्त दहा मिनिटांची असते. हँडीचा स्क्वेल्च (खरखर दाबणारी सोय) पूर्ण उघडा, आवाज मोठा ठेवा, एसएसटीव्ही वाचणारं ॲप सुरू करून मोबाइल हँडीच्या स्पीकरशेजारी धरा. किलबिलाटासारखा सूर ऐकू येईल आणि पडद्यावर एकेक ओळ करत चित्र उतरू लागेल. अँटेना उभा धरण्याऐवजी स्थानक जिथून जातं त्या दिशेला आडवा-तिरपा फिरवत राहायला तिला सांगा. कोणत्या कोनात खरखर कमी होते ते ती स्वतः शोधून काढेल. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास स्काउट-गाइडच्या मुलामुलींसाठी जगभर हॅम स्टेशनं चालतात. तिच्या शाळेत पथक असेल तर शिक्षकांना आत्ताच भेटा आणि जवळच्या क्लबला त्या दिवशी सेट घेऊन यायची विनंती करा.